बुलेटचा चार गिअरचा बॉक्स घरी खोलला: घाटात दुसरा सुटायचा, टॉप कधीच नाही

तिसरेगेट (बेळगाव)

आमच्या घरातली बुलेट १९७९ची, ३५० सीसी. गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे तीन खाली, टाचेशी न्यूट्रलची वेगळी दांडी. बाबांनी तिच्यावरून चंदगड केलं, आंबोली केली, मला शाळेत सोडलं. गेल्या मे महिन्यात गोव्याहून येताना चोर्ल्याच्या चढाला ती एकाच दिवसात तिसऱ्यांदा दुसऱ्या गिअरमधून सुटली. इंजिन एकदम किंचाळलं, गाडी जागच्या जागी मेली, मागं खडीचा टिप्पर. बायको मागं बसली होती. कणकुंबीला चहाला थांबलो तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "हे दुरुस्त होतं का नाही?"

दोन मिस्त्रींना दाखवली. दोघांनी बॉक्सला हात न लावता सांगितलं की गिअरचा सेट गेला, नवा टाका. एकानं तर पाच गिअरचा बॉक्स बसवून घ्यायचा सल्ला दिला. दर ऐकून परत आलो आणि पंधरा दिवस नुसता विचार केला. माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नव्हती. पहिला, दुसरा, तिसरा यांत घर्रर्र असा आवाज यायचा आणि टॉप, म्हणजे चौथा, पडला की तो आवाज चाकूनं कापल्यासारखा बंद व्हायचा. टॉपमधून गाडी आजवर एकदाही सुटलेली नाही. दाते झिजले असते, तर तीन गिअर एकदमच का बिघडावेत?

ज्यांनी हा बॉक्स आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा बर्मिंगहॅमच्या आल्बियनच्या घडणीचा बॉक्स. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली तेव्हापासून बुलेटमागं हाच. इंजिनच्या मागं स्वतंत्र डबा, नटांनी आवळलेला. आत दोन शाफ्ट, वर मेनशाफ्ट आणि खाली लेशाफ्ट. क्लच मेनशाफ्टच्या डाव्या टोकाला, आणि हा मेनशाफ्ट एका पोकळ गिअरमधून आरपार जातो, त्याला स्लीव्ह गिअर म्हणतात. मागच्या चाकाची चेन ज्या स्प्रॉकेटवर चालते तो या स्लीव्ह गिअरवर. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात ताकद मेनशाफ्टवरून लेशाफ्टवर उतरते आणि तिथून परत वर स्लीव्ह गिअरकडं येते. म्हणजे या तिन्ही गिअरमध्ये मेनशाफ्ट आणि स्लीव्ह गिअर वेगवेगळ्या गतीनं फिरतात, आणि दोघांच्या मधे फक्त ब्रॉन्झचा एक बुश, म्हणजे शाफ्टभोवतीची नळी. टॉपमध्ये मात्र दोघं डॉगनं, म्हणजे गिअरच्या अंगावरच्या खुंट्यांनी, एकमेकांना धरतात आणि एकजीव होऊन फिरतात, बुशाला कामच उरत नाही.

हे कागदावर काढून बघितलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. तीन गिअर आजारी आणि चौथा ठणठणीत, तर संशय आधी बुशावर घ्यायचा.

खोलण्याआधी दोन तपासण्या केल्या. बॉक्समधून जेवढं ओघळलं तेवढं गरम असताना पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर सोनेरी कस, जरीच्या साडीची धूळ झडावी तसा. त्यावरून चुंबक फिरवला, चिकटलं फार थोडं. पोलाद झिजलं असतं तर चुंबकाला मिशा आल्या असत्या. मग डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर, म्हणजे इंजिनकडून क्लचकडं येणाऱ्या प्रायमरी चेनचं झाकण, काढलं आणि क्लचचा मधला भाग दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवला. डोळ्यांना दिसेल एवढा शाफ्ट डुलत होता.

उद्यापासून खोलतोय. रोजचं रोज लिहीन.

प्रतिसाद: निपाणीकर

अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या गाडीला दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे खोटं न्यूट्रल लागतं, पण लागलेला गिअर सुटत नाही. बॉक्स उघडू का?

प्रतिसाद: तिसरेगेट

नका उघडू दादा, निदान आत्ताच नको. बाहेरच्या कव्हराखाली पायाच्या रॅचेटजवळ दोन नटांनी धरलेली स्टॉप प्लेट असते. ती किती पुढंमागं आहे त्यावर पायाची हालचाल कुठं थांबणार ते ठरतं. नट सैल करून प्लेट केसभर सरकवायची, आवळायचं, चालवून बघायचं. गिअर वर टाकताना अडतो आणि खाली टाकताना पुढं निघून जातो, का उलट, हे आधी लिहून ठेवा, म्हणजे कुठल्या बाजूला सरकवायची ते कळेल. लागलेला गिअर धरून राहतो याचा अर्थ डॉग बहुतेक चांगले आहेत.

प्रतिसाद: तिसरेगेट

पहिले दोन दिवस.

पाने इंची लागले. बाबांच्या कॅनव्हासच्या पिशवीत सगळे होते, प्रत्येकाला दोरा बांधलेला. मिलीमीटरचा पाना "जवळपास बसतो" म्हणून लावू नका, नटाचे कोपरे गोल झाले की पुढचा माणूस छिन्नी घेतो आणि मग केस फुटते. कव्हरचे स्क्रू हातोडीनं मारायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरनं एका ठोक्यात सुटले.

क्लच काढायला जुन्या दोन क्लच प्लेटा एकमेकींना वेल्ड करून त्यांना पट्टीचा दांडा लावला. तेच टूल, बाजारात शोधायची गरज नाही. मेनशाफ्टच्या आतून क्लचचा रॉड आणि गोळी निघते, गोळी खाली सांडू देऊ नका. स्प्रॉकेटचा नट सोडवताना चेन चाकावरच ठेवली आणि पुढच्या बोळातल्या पोराला मागच्या ब्रेकवर उभं केलं. या नटाचे आटे कुठल्या बाजूला वळलेत ते टॉर्च लावून बघितल्याशिवाय जोर लावू नये, आमच्यावर आधी कुणीतरी उलटीकडं छिन्नी मारल्याच्या खुणा आहेत.

आतलं कव्हर निघालं तेव्हा नुसता घट्ट ग्रीसचा गोळा. कुणीतरी कधीतरी बेअरिंगचं जाड ग्रीस ठासून भरलंय. या जुन्या बॉक्सना पातळ, ओघळणारं ग्रीस घालायची पद्धत होती हे खरं, पण जाड ग्रीसमध्ये गिअर स्वतःपुरता बोगदा पाडतात आणि त्यात कोरडे फिरत राहतात. स्लीव्ह गिअरच्या आत तर ते पोचतच नाही. बोट घातलं तर बुश कोरडा ठाक, आतून आरशासारखा चकचकीत.

एक युक्ती सांगून ठेवतो. शाफ्टवरून जे जे उतरेल ते त्याच क्रमानं, त्याच तोंडानं सायकलच्या तारेत ओवत गेलो. गिअर, वॉयसर, बुश, गिअर. तारेचं एक टोक वाकवलं आणि त्याला चिठ्ठी, "मेन, उजवीकडून". डिझेलच्या परातीत तारेसकट बुडवून टूथब्रशनं धुतलं. फोटोपेक्षा ही तार जास्त कामाला आली, कारण फोटोत वॉयसर एकामागं एक लपतात.

प्रतिसाद: खानापूरची_येझ्दी

वाचतोय. आमच्याकडं म्हैसूरची येझ्दी. १९६१पासून १९९६पर्यंत तो कारखाना चालला आणि आपल्या भागात घरटी एक तरी असायची असं आमचे अण्णा सांगतात. त्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये. गिअर बघायचे तर अख्खं इंजिन खाली उतरवून केस मधोमध उभी फोडावी लागते, म्हणून तुमचा स्वतंत्र डबा बघून बरं वाटलं.

एक अनुभव लिहितो, टू-स्ट्रोकवाल्यांच्या उपयोगी पडेल. जांबोटीच्या पावसात चार महिने गाडी उभी होती. दिवाळीला चालू केली तर पांढऱ्या धुराचा लोट, दहा मिनिटं झाली तरी थांबेना. मी कार्ब्युरेटर दोनदा साफ केला. शेवटी गिअरबॉक्सचं ऑइल मोजलं तर निम्मं गायब, आणि खाली फरशीवर एक थेंब नाही. क्रँकच्या डाव्या बाजूचं सील उभ्याउभ्या कडक झालं होतं, इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळत होतं. गळती दिसत नाही आणि ऑइल कमी होतं, तर धूर बघा.

प्रतिसाद: उद्यमनगरी (कोल्हापूर)

तिसरेगेट, बुशाचा तर्क पटला, पण एवढं खोललंयत तर गिअर नवे टाकाच. परत परत कोण खोलणार? सटकायला बुश हे एकच कारण नसतं. डॉगच्या कडा गोल झाल्या की लोड आल्यावर त्या एकमेकांना बाजूला ढकलतात, तिथं बुश नवा असून काही उपयोग नाही.

प्रतिसाद: तिसरेगेट

तुमचं डॉगबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, आणि म्हणूनच प्रत्येक डॉग खिडकीच्या उजेडात धरून बघितला. दुसऱ्याच्या डॉगला एका बाजूला कोपरा थोडा मोडलाय, अर्ध्या तांदळाएवढा. बाकी कडा काटकोनात आहेत. गिअर सरकवणाऱ्या फोर्कच्या तोंडाला झीज आहे, पण खोबणीत घालून हलवला तर किंचित प्ले, सैल नाही.

नव्या गिअरबद्दल मात्र माझं मत वेगळं. एका दुकानातून दुसऱ्याची जोडी आणली होती, ती जुन्याशेजारी ठेवली. नव्याच्या डॉगच्या कडांना आत्ताच उतार आहे, आणि कानस लावली तर सहज ओरखडा उठला. जुन्यावर कानस घसरते. पंचेचाळीस वर्षं एकमेकांवर चालून ते दाते एकमेकांत बसलेत, त्यांच्यावर एक खड्डा नाही. ते फेकून मऊ लोखंड घालायला माझं मन तयार नाही. जोडी परत दिली.

मोजमाप असं: बुश ज्यावर फिरतो तिथं मेनशाफ्ट दोन थावाच्या आत झिजलाय (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग). बुशात आणि शाफ्टमध्ये मोकळीक बारा थाव. शाफ्ट डाव्या टोकाला फक्त त्याच बुशावर टेकलेला, बाहेर क्लचचं वजन आणि प्रायमरी चेनची ओढ. बारा थावांची मोकळीक म्हणजे लोड आला की शाफ्ट तिरका होतो. तिरक्या शाफ्टवर डॉग पूर्ण तोंडानं धरत नाहीत, एका कोपऱ्यावर धरतात. तो मोडलेला कोपरा तिथूनच आला.

प्रतिसाद: उद्यमनगरी (कोल्हापूर)

कानशीची परीक्षा केलीत हे छान. मग माझा आग्रह नाही. बुश कुठं करणार? पितळेचा करू नका एवढंच सांगतो, दिसायला तोच रंग पण वर्षभरात परत तुम्ही तिथंच.

प्रतिसाद: तिसरेगेट

बुश उद्यमबागेत केला. बेळगाव हे फौंड्री आणि मशीनिंगचं गाव, इथं मोठमोठी कास्टिंग रोज कापली जातात, पण एका माणसाचा एक बुश करून देणारा टर्नर शोधायला तीन शेड फिरलो. चौथ्या शेडमध्ये साठीच्या पुढचे एक मामा भेटले. बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. मी जुना बुश पुढं केला, असाच करून द्या म्हटलं. त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

"झिजलेल्यावरनं माप घेऊन काय करूलास? ज्यात बसणार ते आण, आणि जे आत फिरणार ते आण."

दुसऱ्या दिवशी स्लीव्ह गिअर आणि मेनशाफ्ट दोन्ही टॉवेलात गुंडाळून नेलं. पुढचे दोन तास मी तिथं उभा होतो आणि ते सविस्तर लिहायलाच हवं.

आधी फॉस्फर ब्रॉन्झची कांडी कापली. बाहेरचं माप स्लीव्ह गिअरच्या भोकापेक्षा दोन थाव मोठं ठेवलं, आतलं भोक मुद्दाम लहान. मी विचारलं, आत्ताच शाफ्टच्या मापाला का नाही? ते म्हणाले, दाबून बसवला की तो चहूबाजूंनी आवळला जातो, आतलं माप बदलतं, मग आधी केलेलं सगळं वाया. बुश प्रेसमध्ये दाबला, ठोकला नाही. मग स्लीव्ह गिअर लेथच्या चकमध्ये धरला, पण दात्यांवर नव्हे, बेअरिंग जिथं बसतं त्या गुळगुळीत भागावर, मधे तांब्याचा पातळ पत्रा घालून. डायल लावली. काटा हलायचा, ते चकच्या जबड्याला लाकडी हातोडीनं टिचकी मारल्यासारखं मारायचे, परत फिरवायचे. दहा-बारा वेळा. काटा स्थिर झाला तेव्हाच बोअरिंग सुरू. मला घाई झालेली बघून "निधान, निधान" म्हणाले. कन्नड ज्यांना येत नाही त्यांना सांगतो, सावकाश.

शेवटचा कट इतका बारीक होता की चिपांऐवजी सोनेरी भुकटी पडत होती. शाफ्टला ऑइलचं बोट फिरवलं आणि आत सरकवला. गिअर उभा धरला की शाफ्ट आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरायचा, वरचं तोंड तळहातानं दाबलं की तिथंच थांबायचा. मोकळीक दोन थाव. मग आत ऑइलसाठी नागमोडी खाच पाडली, कारण जुन्या बुशातली खाच झिजून नाहीशी झाली होती.

पैसे विचारले तर शाफ्टकडं बघत म्हणाले, बाबांची गाडी आहे ना, बसल्यावर आवाज ऐकवायला आण.

प्रतिसाद: चिकोडीकर

काय सुंदर लिहिलंय. माझा प्रश्न किकचा. तीन किकमधली एक मोकळी जाते. मिस्त्री म्हणतो क्लच प्लेटा बदला. बदलल्या, तरी तेच.

प्रतिसाद: तिसरेगेट

अण्णा, प्रायमरी कव्हर काढून एकाला किक मारायला सांगा आणि तुम्ही क्लचकडं बघा. क्लचचा मधला भाग फिरतोय आणि बाहेरचा ड्रम उभा, तर क्लच सरकतोय. मधलं काहीच फिरलं नाही आणि कट् असा आवाज आला, तर किकच्या शाफ्टवरचा पॉल घसरतोय. तो पॉल लेशाफ्टच्या मोठ्या गिअरच्या आतल्या दात्यांना धरतो. धार गोल झालेली असते किंवा खालची बारीक स्प्रिंग थकलेली असते. पॉल आणि स्प्रिंग दोन्ही स्वस्त आहेत, पण गिअरमधले आतले दाते तुटलेत का ते बघितल्याशिवाय नुसता पॉल टाकू नका. आणि किक मारण्याआधी पाय हळू दाबून पॉल धरला का ते जाणवू द्या, मग जोर. आपण सगळे वरून धाडकन मारतो आणि पहिला मार त्या नखाएवढ्या धारेवर बसतो.

प्रतिसाद: खानापूरची_येझ्दी

बेअरिंग कसं काढलंत? मी एकदा ठोकून काढलं आणि केसला तडा गेला, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

प्रतिसाद: तिसरेगेट

ठोकायचं नाहीच. केस अ‍ॅल्युमिनियमची, बेअरिंग पोलादाचं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. साठ मिलीमीटरचं भोक ७५ अंशांनी तापवलं तर साधारण ०.१ मिलीमीटरनं मोठं होतं. आईच्या परवानगीनं केस धुऊनपुसून ओव्हनमध्ये ठेवली. पाण्याचा थेंब टाकला की तडतडून उडायला लागला, तेव्हा हातमोजे घालून पाटावर पालथी आपटली, बेअरिंग स्वतःहून खाली पडलं. नवं रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं होतं, ते भाकरी तव्यावर टाकावी तसं बसलं. एकदम सरळ सोडायचं, तिरकं झालं तर तिथंच अडकतं आणि दुसरी संधी मिळत नाही. गॅसची ज्योत थेट लावू नका, एकाच जागी तापून केस वाकते.

जोडताना तारेवरून उलट्या क्रमानं. दोन्ही शाफ्ट आणि फोर्क एकत्र हातात धरून आत सरकवावे लागतात, एकट्या माणसाला अवघड आहे. आतलं कव्हर आवळल्यावर स्प्रॉकेट हातानं फिरवत चारही गिअर टाकून बघितले. स्प्रॉकेट फिरवलं नाही तर डॉग समोरासमोर अडतात आणि आपल्याला वाटतं काहीतरी चुकलं. नट जसजसे आवळले तसतसं फिरवणं जड होत नाही ना, हेही बघितलं.

प्रतिसाद: उद्यमनगरी (कोल्हापूर)

ऑइल कुठलं घातलं? जीएल-५ प्रतीचं गिअर ऑइल घालू नका, त्यातली गंधकाची रसायनं तापल्यावर ब्रॉन्झ खातात.

प्रतिसाद: तिसरेगेट

नव्वद नंबरचं जीएल-४, त्यात थोडं पातळ ग्रीस. नुसतं ऑइल स्लीव्ह गिअरच्या तोंडाशी झिरपतं, थोडं ग्रीस मिसळलं की झिरपणं कमी होतं आणि तरी बुशापर्यंत पोचतं. प्रायमरी चेन आधी तारेसारखी ताणलेली होती, तीही बुश झिजवत होती. आता टेन्शनर सैल करून सगळ्यात घट्ट जागी पाव इंच खेळ ठेवलाय.

प्रतिसाद: निपाणीकर

स्टॉप प्लेट साधारण दोन मिलीमीटर सरकवली. खोटं न्यूट्रल गेलं. तवंदी घाट दोनदा चढलो-उतरलो. मनापासून आभार.

प्रतिसाद: तिसरेगेट

सहाशे किलोमीटर झाले म्हणून परत लिहितोय.

पहिल्या दीडशेला ऑइल बदललं. फडक्यावर सोनेरी अगदी पुसट, नवा बुश बसतानाचं असावं. पाचशेला परत गाळलं, फडकं स्वच्छ.

गेल्या रविवारी चोर्ल्याला गेलो. खाली उतरून परत वर, त्याच वळणावर, दुसऱ्यात, मागं बायको. मी मुद्दाम थ्रॉटल सोडून परत भरला, दोनदा, तीनदा. सुटला नाही. पहिल्या-दुसऱ्यातला घर्रर्र आवाज गेलाय, आता दात्यांची एकसारखी बारीक शीळ येते. मोडक्या कोपऱ्याचा तो गिअर अजून आतच आहे, दोन हजार किलोमीटरनंतर त्याच्याकडं परत बघणार.

सोमवारी सकाळी गाडी उद्यमबागेत नेली. मामांनी लेथ बंद केलं, बाहेर आले, गाडी स्टँडवर लावून दुसऱ्यात टाकायला सांगितली आणि वाकून बॉक्सवर हात ठेवला. कान नाही लावला, नुसता हात. बराच वेळ तसेच होते.

प्रतिसाद: चिकोडीकर

पॉलच निघाला. धार पार गोल. आतले दाते शाबूत आहेत. तुमच्या बुशाचं आतलं-बाहेरचं माप लिहाल का?

प्रतिसाद: तिसरेगेट

माप देत नाही अण्णा, राग मानू नका. तुमचा स्लीव्ह गिअर आणि शाफ्ट टॉवेलात गुंडाळा आणि बेळगावला या. मी तिसऱ्या गेटाशी थांबतो, तिथून पुढं बरोबर जाऊ.